मुरलेले डांबर आणि अतिक्रांतिक द्रायू



आजच्या व्याख्यानासाठी मी माझ्यासोबत दोनच वस्तू आणल्या आहेत. पहिली आहे एक डांबरगोळी; आपल्या घरातील कपड्यांच्या पेटीत असते तशीच. दुसरी आहे एक बूच घट्ट लावलेली काचेची नळी. तिच्या तळाशी काळसर रंगाची चिमूटभर माती आहे. ती कोठून आली हे मी पुढे सांगणार आहे. दोन्ही वस्तूंमध्ये एकाच कुळातील पदार्थ आहेत, आणि त्या कुळाला मातीतून बाहेर कसे काढावे हा आजचा विषय आहे.

डांबरगोळी हे नाव मला फार बोलके वाटते. तिच्या पांढऱ्याशुभ्र रूपाकडे पाहून तिचा डांबराशी काही संबंध असेल असे कोणास वाटणार नाही. पण ज्याने कोणी हे नाव दिले त्याला तिचे मूळ ठाऊक होते. दगडी कोळसा हवेच्या संपर्कावाचून तापवला की जळणारा वायू मिळतो, कोक उरतो आणि जाड, काळे, उग्र वासाचे डांबर गळते. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत रसायनज्ञांनी या डांबरातून जे पहिले स्फटिक वेगळे केले त्यांपैकी नॅप्थॅलीन हे एक. बेंझिनाची दोन षट्कोनी वलये एका बाजूने जोडली की नॅप्थॅलीन होते. तीन वलये जोडली की अँथ्रासीन किंवा फेनान्थ्रीन, चार जोडली की पायरीन, आणि पाच जोडून जे पदार्थ होतात त्यांपैकी एक म्हणजे बेंझोपायरीन. वलये वाढत जातात तसतसा पदार्थ पाण्यात अधिकाधिक अविद्राव्य, अधिकाधिक चिवट आणि बहुधा अधिकाधिक घातक होत जातो. धुराडी साफ करणाऱ्या लंडनच्या कामगारांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ मध्ये काजळीशी जोडला होता. त्या काजळीतील व डांबरातील नेमका गुन्हेगार कोण, याचे उत्तर मिळण्यास १९३३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनमधील संशोधकांनी फार मोठ्या प्रमाणावर डांबर घेऊन, त्याचे पुनःपुन्हा विभाजन करून, त्यातून बेंझोपायरीन वेगळे केले.

आता हे डांबर मातीत कसे गेले, ते पाहू. १८१२ नंतर लंडनचे रस्ते कोळशाच्या वायूने उजळू लागले. पुढे युरोप-अमेरिकेतील जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात वायूचे कारखाने उभे राहिले. आपल्याकडे कोलकात्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आणि मुंबईत १८६५ मध्ये रस्त्यांवर वायूचे दिवे लागले. वायू हा विकण्याचा माल होता. डांबराला प्रारंभी गिऱ्हाईक नव्हते, पुढे ते रंगांच्या व औषधांच्या कारखान्यांच्या रूपाने मिळाले, तरी जे उरे किंवा सांडे ते खड्ड्यात जाई. पुढे वीज आली, नैसर्गिक वायू आला, कारखाने बंद झाले, टाक्या पाडल्या गेल्या आणि जागा विकल्या गेल्या. खड्डे मात्र कोणी विकत घेतले नाहीत, कारण ते आहेत हेच कोणास आठवत नव्हते. पाया खणताना कुदळीला काळा चिकट थर लागला की मगच आठवण होई.

डांबर हे केवळ एक उदाहरण. विजेच्या रोहित्रांत पूर्वी वापरली जाणारी पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिले, म्हणजे ज्यांना संक्षेपाने पीसीबी म्हणतात ती द्रव्ये, डीडीटीसारखी कीटकनाशके, लाकूड टिकवण्यासाठी लावलेली क्रिओसोट तेले, या सर्वांची मातीत गेल्यावर होणारी गत सारखीच असते. ती पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून पावसाने वाहून जात नाहीत. आणि मातीतील सेंद्रिय भागावर, ह्यूमसावर, त्यांचे विलक्षण प्रेम असते.

हे प्रेम वयानुसार वाढते, ही गोष्ट मला विशेष विस्ताराने सांगावयाची आहे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. आपण कैरीचे लोणचे घालतो तेव्हा पहिल्या दिवशी मसाला फोडींच्या बाहेर असतो. फोड धुतली तर तो निघून जाईल. महिन्याभराने लोणचे मुरते. मग फोड कितीही धुतली तरी तिखटमीठ तिच्या गाभ्यात असते. प्रदूषक द्रव्य मातीत पडते तेव्हा प्रथम ते कणांच्या पृष्ठभागावर बसते. महिने आणि वर्षे जातात तसे ते ह्यूमसाच्या गुंतागुंतीच्या जाळ्यात आणि कणांमधील अतिसूक्ष्म छिद्रांत रेणू-रेणूने शिरत राहते. गेलेला रेणू परत बाहेर येऊ शकतो, पण त्याच चिंचोळ्या वाटेने आणि तितक्याच मंद गतीने. शंभर वर्षांपूर्वीच्या डांबराला मातीतून बाहेर काढणे म्हणजे मुरलेल्या लोणच्यातून मीठ परत काढणे होय.

रसायनशाळेत हे काम करण्याची जुनी रीत जर्मन रसायनज्ञ फ्रांट्स फॉन सॉक्सलेट याच्या नावाने ओळखली जाते. १८७९ मध्ये त्याने दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी काचेचे एक उपकरण सुचविले. खाली विद्रावक उकळतो, त्याची वाफ वर जाऊन थंड होते, थेंबथेंब पदार्थावर पडते, पात्र भरले की आपोआप रिकामे होते आणि हे चक्र पुन्हा सुरू होते. मातीसाठी हे चक्र सोळा ते चोवीस तास चालवावे लागते, आणि मूठभर मातीसाठी पाव लिटरहून अधिक डायक्लोरोमिथेनासारखा विद्रावक खर्ची पडतो. हा विद्रावक स्वतःच विषारी आहे. विष मोजण्यासाठी त्याहून किती तरी पट अधिक विष वापरावयाचे, हा त्या रीतीचा विरोधाभास होता. हेक्टरभर जमीन अशा रीतीने स्वच्छ करण्याची कल्पना तर कोणी करूच नये.

योगायोग असा, की त्याच १८७९ मध्ये हॅने आणि होगार्थ या ग्लासगोच्या दोन संशोधकांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. घन पदार्थ वायूमध्ये विरघळू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते. ते ऐकणाऱ्यांना विचित्र वाटले असल्यास नवल नाही. मीठ पाण्यात विरघळते, साखर दुधात विरघळते. पण वायूत घन पदार्थ विरघळावा कसा? या निबंधामागे अर्धशतकाहून अधिक काळाची पूर्वपीठिका होती. १८२२ मध्ये कान्यार द ला तूर या फ्रेंच संशोधकाने तोफेच्या जाड नळीच्या एका तुकड्यात मद्यार्क आणि गारगोटीची एक गोळी घालून तो बंद केला व तापवला. नळी हलवली की गोळी घरंगळल्याचा आवाज येई. द्रवातून घरंगळणाऱ्या गोळीचा आवाज वेगळा, वायूतून घरंगळणाऱ्या गोळीचा वेगळा. एका विशिष्ट तापमानाच्या वर हा भेदच नाहीसा झाल्याचे त्याच्या कानांनी टिपले. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट कानांनी पाहणाऱ्या या माणसाविषयी मला फार आदर वाटतो.

पुढे बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइड वायू अत्यंत बारीक काचनळ्यांत कोंडून वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १८६९ च्या व्याख्यानात निष्कर्ष मांडले. सुमारे ३१ अंश सेल्सियसच्या खाली या वायूवर दाब वाढवत नेला की तो द्रव होतो. द्रव आणि वायू यांच्यामध्ये स्पष्ट सीमारेषा दिसते. त्या तापमानाच्या वर मात्र कितीही दाब दिला तरी अशी सीमारेषा उमटत नाही. नळीत एकच एक पदार्थ असतो, तो द्रव म्हणावा की वायू म्हणावा या प्रश्नाला अर्थ उरत नाही. या बिंदूस अँड्र्यूज यांनी क्रांतिक बिंदू असे नाव दिले. कार्बन डायऑक्साइडाचा क्रांतिक बिंदू ३१ अंश तापमान व वातावरणीय दाबाच्या सुमारे ७३ पट दाब हा होय. याच्या पलीकडील अवस्थेस अतिक्रांतिक अवस्था म्हणतात. द्रव आणि वायू या दोहोंना मिळून मराठी परिभाषेत ‘द्रायू’ असा शब्द आहे. परिभाषेतील पुष्कळ शब्द मला ओढूनताणून केलेले वाटतात. परंतु या ठिकाणी तो इतका चपखल बसतो, की तो जणू याच अवस्थेसाठी घडवला असावा.

ही अवस्था दुर्मिळ आहे असे मात्र समजू नका. सभागृहांच्या भिंतींवर आग विझवण्याची लाल नळकांडी टांगलेली असतात. त्यांपैकी ज्यांत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो त्यांत हिवाळ्यात खाली द्रव व वर वायू असतो. नागपूरच्या किंवा जयपूरच्या मे महिन्यातील दुपारी मात्र त्याच नळकांड्यात अतिक्रांतिक द्रायू असतो. आपण त्याच्या शेजारून जातो आणि आपल्याला त्याची कल्पना नसते.

या द्रायूचे मोल कशात आहे? पदार्थ विरघळवण्याची शक्ती मुख्यतः घनतेवर अवलंबून असते. रेणू दाटीने असतील तरच ते दुसऱ्या रेणूला घेरून बाहेर ओढू शकतात. उलट, बारीक छिद्रांत शिरण्याची शक्ती पातळपणावर अवलंबून असते. द्रवाजवळ पहिला गुण आहे, वायूजवळ दुसरा. अतिक्रांतिक द्रायूची घनता द्रवाच्या जवळपास पोचते, पण त्याची श्यानता वायूसारखी अल्प राहते आणि त्यातून रेणूंचे विसरण द्रवातल्यापेक्षा किती तरी जलद होते. शिवाय ही घनता आपल्या मुठीत असते. ४० अंश तापमानात कार्बन डायऑक्साइडावर ८० बार दाब असेल तर त्याच्या एका लिटराचे वजन २८० ग्रॅमच्या आसपास भरते. दाब १०० बार केला की ते एकदम ६३० ग्रॅमच्या आसपास जाते, आणि २०० बारला ८४० ग्रॅम होते. ऐंशीवरून शंभरावर जाताना दाब पाव हिश्शाने वाढला, पण घनता दुपटीहून अधिक झाली. म्हणजे झडपेचा दांडा थोडासा फिरवून आपण दुर्बळ विद्रावकाचा प्रबळ विद्रावक करू शकतो, आणि तोच दांडा उलट फिरवून विरघळलेला पदार्थ खाली टाकू शकतो. हॅने आणि होगार्थ यांनी दाब उतरवला तेव्हा विरघळलेला घन पदार्थ बर्फाच्या भुरभुरीसारखा नळीत अवतरला होता. डांबरगोळीतील नॅप्थॅलीनही या द्रायूत विरघळते. ब्युख्नर या संशोधकाने १९०६ मध्येच त्याचा अभ्यास केला होता.

तरीही या ज्ञानाला व्यवहारात मोठे स्थान मिळण्यास जवळजवळ आणखी साठ वर्षे लागली. जर्मनीतील म्युलहाइम येथील कोळसा संशोधनाच्या माक्स प्लांक संस्थेत कुर्ट त्सोझेल हे हायड्रोकार्बनांची मिश्रणे वेगळी करण्यात गुंतले असता त्यांना या शक्तीचा प्रत्यय आला, आणि त्यातून कॉफीच्या बियांतील कॅफीन काढण्याची रीत निघाली. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ब्रेमेन येथे तिचा कारखाना सुरू झाला. त्यातील एक बारकावा आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोरड्या बियांतून कॅफीन सुटत नाही. बिया आधी ओल्या करून फुगवाव्या लागतात. मातीचेही काहीसे असेच आहे. थोडी ओल असेल तर ह्यूमस फुगतो आणि वाट मोकळी होते. ओल फार झाली तर पाणीच छिद्रांत भिंतीसारखे उभे राहते, आणि तेलकट पदार्थांचा मित्र असलेल्या कार्बन डायऑक्साइडाला ते आत येऊ देत नाही.

आपल्या देशातही या तंत्राचा पाया घातला गेला आहे, तो मुख्यतः मसाल्यांच्या, सुगंधी तेलांच्या व वनस्पतींच्या अर्कांच्या क्षेत्रात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ममता मुखोपाध्याय यांनी या विषयावर लिहिलेला ग्रंथ २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मिरी आणि माती यांत रसायनज्ञाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. फरक असलाच तर तो हा, की मिरीतून निघालेला अर्क विकला जातो, आणि मातीतून निघालेल्या अर्काचे काय करावे याची विवंचना पडते.

मातीवरील प्रारंभीच्या लक्षणीय प्रयोगांत अमेरिकेतील लुइझियाना राज्य विद्यापीठातील प्रयोगांची गणना होते. ते १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. ४० अंश तापमान आणि शंभर वातावरणांचा दाब असलेला कार्बन डायऑक्साइड मातीच्या थरातून सतत वाहता ठेवला असता पीसीबीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग निघून आला. डीडीटीचा मात्र सुमारे सत्तर टक्केच निघाला. उरलेले तीस टक्के का निघाले नाहीत, हा प्रश्न तेव्हा एक तपशील वाटला. तो तपशील नव्हता.

याच ठिकाणी मला स्वतःविषयी थोडे बोलले पाहिजे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत असे एक उपकरण आले. पहिले सहा महिने आम्ही त्याच्या तोंडाशी झगडण्यात घालवले. उच्च दाबाचा वायू बारीक छिद्रातून बाहेर पडताना इतका गार होतो, की मातीतील ओलीचा तेथेच बर्फ होऊन छिद्र बुजते. केस वाळवण्याचे यंत्र हातात धरून त्या छिद्राला ऊब देत बसणे हे तेव्हा माझे शास्त्रीय कार्य होते! पुढे ते साधले. मग आम्ही रीतीची परीक्षा घेतली. बागेतील स्वच्छ माती घेतली, तिच्यावर फेनान्थ्रीन व पायरीन यांचे मोजून केलेले द्रावण शिंपडले, रात्रभर वाळू दिले आणि दुसऱ्या दिवशी ५० अंशांवर अर्धा तास निष्कर्षण केले. घातले होते तेवढे जवळजवळ सगळे परत मिळाले. जेथे पूर्वी एक दिवस व एक रात्र लागे तेथे अर्धा तास पुरला, याचा आम्हांस फार आनंद झाला.

त्यानंतर एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातील मातीचे नमुने आमच्याकडे आले. तेथे अनेक वर्षे डांबराची पिंपे ठेवलेली असत. त्या जागेवर वसाहत व्हावयाची होती, आणि माती मर्यादेच्या आत आहे की नाही, एवढेच आम्हांला सांगावयाचे होते. आम्ही तीच रीत वापरली आणि आत आहे असे कळवले. सही माझी होती. काही महिन्यांनी आमच्या एका तरुण सहकाऱ्याने उरलेली तीच माती, केवळ कुतूहलापोटी, ५० ऐवजी २०० अंशांवर चालवली. आधी मिळाले होते त्याच्या दुपटीहून अधिक द्रव्य बाहेर आले, आणि ते मर्यादेच्या बाहेर होते. मी संबंधित कार्यालयास दुसरे पत्र पाठवले. त्याचे उत्तर आले नाही. तोपर्यंत तेथे कुंपण घातले जाऊन पायाचे काम सुरू झाले होते.

आमची चूक कोठे झाली? उपकरण खरे बोलत होते. परीक्षा खोटी होती. आदल्या संध्याकाळी शिंपडलेले पायरीन आणि चाळीस वर्षे मुरलेले पायरीन यांचे रासायनिक सूत्र एक असले तरी मातीच्या दृष्टीने ते दोन निराळे पदार्थ आहेत. आम्ही ताज्या लोणच्यावर घेतलेल्या परीक्षेच्या बळावर मुरलेल्या लोणच्याविषयी दाखला दिला होता. नॉर्थ डकोटा विद्यापीठातील स्टीव्हन हॉथॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये नेमका हाच भेद मोजून दाखवला होता: बाहेरून मिसळलेली द्रव्ये मूळच्या द्रव्यांपेक्षा किती तरी वेगाने बाहेर येतात. त्याच वर्षी त्यांनी हेही दाखवले होते, की मुरलेल्या द्रव्यांच्या बाबतीत दाब ३५० वरून ६५० वातावरणांवर नेण्यापेक्षा तापमान ५० वरून २०० अंशांवर नेणे अधिक फलदायी ठरते. कारण अडचण विरघळण्याची नसून सुटण्याची असते. द्रायूत जागा पुष्कळ असते. रेणूला मातीची मिठी सोडवत नाही, आणि ती सोडवण्यास उष्णता लागते. हे निबंध आमच्या ग्रंथालयात उशिरा आले, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत असे. खरे सांगावयाचे तर ते येऊन पडले होते. मी वाचले नव्हते.

पण गोष्ट येथे संपत नाही. हॉथॉर्न यांच्या गटाने पुढे जो मार्ग धरला त्याने माझ्या अपराधी भावनेची देखील पंचाईत करून टाकली. त्यांनी प्रश्न उलटा विचारला. मातीत एकूण किती विष आहे, हे जाणून काय करावयाचे आहे? जे रेणू इतके घट्ट बसले आहेत की तापल्या द्रायूलाही ते मुश्किलीने सुटतात, ते गांडुळाच्या पोटात, जिवाणूच्या शरीरात किंवा झिरपणाऱ्या पाण्यात सुटतील काय? त्यांनी जुन्या वायू-कारखान्यांच्या मातीवर मुद्दाम सौम्य निष्कर्षण केले. सुमारे २०० वातावरण दाब, ५० अंश तापमान, चाळीस मिनिटे. जो भाग या सौम्य रीतीने झटकन निघाला त्याची तुलना त्यांनी प्रत्यक्ष शेतात वर्षभर जिवाणूंकडून माती शुद्ध करवून घेतल्यावर जो भाग नाहीसा झाला त्याच्याशी केली. दोन्ही भागांत चांगला मेळ आढळला. जिवाणूंनी वर्षभरात जे खाल्ले ते साधारणतः तेच होते, जे द्रायूने तासाभराच्या आत काढले होते. हे निष्कर्ष २००० व त्यानंतरच्या वर्षांत प्रसिद्ध झाले.

म्हणजे आम्ही ५० अंशांवर जो आकडा काढला होता तो चुकीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून चूक होता, पण दुसऱ्या एका प्रश्नाचे, कदाचित अधिक महत्त्वाच्या प्रश्नाचे, ते बरोबर उत्तर असू शकते. यावर काही मंडळी घाईने म्हणतात, मग एकूण प्रमाणाची मर्यादा सोडून द्यावी आणि सुटणाऱ्या भागाचीच मर्यादा ठेवावी. मला हे पटत नाही. ह्यूमस काही दगडावरची रेघ नव्हे. शेत नांगरले, खणले, पाणी साचून राहिले, की तो बदलतो, कुजतो, आणि त्याच्या मिठीतील रेणू मोकळे होऊ शकतात. लहान मूल माती तोंडात घालते तेव्हा त्याच्या आतड्यातील पित्तरस ५० अंशांच्या कार्बन डायऑक्साइडासारखा वागेल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. माझे मत एवढेच, की दोन्ही आकडे द्यावेत, आणि प्रत्येकाशेजारी तापमान, दाब व वेळ लिहावी. तापमानावाचून दिलेला आकडा हा माझ्या लेखी आकडाच नव्हे.

आतापर्यंत मी मोजण्याविषयी बोललो. साफ करण्याविषयी बोलणे अधिक कठीण आहे. भट्टीत हजार अंशांच्या वर माती जाळली तर विष नष्ट होते, पण जे उरते ती माती नसते. ती निर्जीव वीट असते. द्रायूने धुतलेल्या मातीतील ह्यूमस व खनिजे बऱ्याच अंशी तशीच राहतात, आणि मागे विद्रावकाचा अंश राहत नाही, कारण दाब उतरताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो व तो गोळा करून पुन्हा वापरता येतो. पण २०० वातावरणांचा दाब म्हणजे समुद्रात दोन किलोमीटर खोलीवरचा दाब. तो सोसणारी जाड पोलादी पात्रे लागतात, आणि माती काही पाण्यासारखी पंपाने आत ढकलता येत नाही. पात्र उघडावे, भरावे, बंद करावे, दाब चढवावा, उतरवावा, पुन्हा उघडावे; खर्च या उघडझाकीत आहे. दाब चढवण्या-उतरवण्याचा खर्च टाळण्यासाठी टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गिरिधर मद्रास, जान एर्की व आयदिन अकगेरमन यांनी १९९४ मध्ये एक युक्ती मांडली: मातीतून आलेला द्रायू दाब न उतरवता तसाच सक्रियित कोळशाच्या थरातून न्यावा, म्हणजे विष कोळशावर बसेल आणि द्रायू मोकळा होऊन परत मातीकडे जाईल. यांपैकी मद्रास पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले.

अमेरिकेतील न्यू बेडफर्ड बंदराच्या तळाशी विद्युत् धारित्रांच्या कारखान्यांतून वर्षानुवर्षे सोडलेले पीसीबी साचले होते. १९८८ मध्ये तेथील गाळावर क्रांतिक बिंदूच्या जवळ ठेवलेल्या द्रवरूप प्रोपेनाने निष्कर्षण करून पाहण्यात आले. गाळ पातळ असल्याने तो पंपाने नेता आला. एका फेरीत काम भागले नाही. तोच गाळ पुनःपुन्हा यंत्रातून फिरवावा लागला, आणि तेव्हा कोठे पीसीबी शेकडो भागांवरून दहा लक्षांत काही थोड्या भागांवर आले. प्रोपेन ज्वालाग्राही असल्याने ते वापरताना जीव मुठीत धरावा लागतो, हे वेगळेच.

आपल्या देशाकडे वळताना भोपाळचे नाव टाळता येत नाही. १९८४ च्या वायुदुर्घटनेपूर्वीच त्या कारखान्याच्या आवारात कीटकनाशके, क्लोरीनयुक्त बेंझिने, नॅप्थॉल व पारा ही द्रव्ये मातीत मुरू लागली होती. साठवून ठेवलेला ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत पिथमपूरला नेण्यात आला व त्याच वर्षी जाळण्यात आला. माती तेथेच आहे. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी २०१० मध्ये अंदाज केला तो सुमारे ११ लाख टन दूषित मातीचा. दिवसाला दहा टन माती धुणारे द्रायूचे यंत्र उभारले, तर ११ लाख टनांना तीनशे वर्षे लागतील. अशी तीस यंत्रे उभारली तर दहा वर्षे. आणि पारा त्यातही मागे राहील, कारण कार्बन डायऑक्साइडाला धातूंशी देणेघेणे नाही. त्यासाठी धातूला पकडून तेलकट वेष्टनात गुंडाळणारी वेगळी द्रव्ये मिसळावी लागतात. म्हणून सगळी माती या रीतीने धुवावी असे मी म्हणणार नाही. जेथे विष फार दाट आहे अशी थोडी माती वेगळी काढून धुवावी, बाकीच्या मातीवर जिवाणूंना काम करू द्यावे, आणि जिवाणूंचे काम कोठवर येईल ते सौम्य निष्कर्षणाने आधीच अजमावून पाहावे. या मार्गात निदान हिशेब जुळतो.

निघालेल्या अर्काचे काय करावे, हे सांगावयाचे राहिले. तो बाटलीत मावेल इतका आटोपशीर असतो, हा मोठाच लाभ आहे. तो भट्टीत जाळता येतो. किंवा पाण्यालाच ३७४ अंश तापमान व २१८ वातावरण दाब यांपलीकडे नेऊन त्यात प्राणवायू सोडला तर तो अर्क पाण्याच्या पोटातच, ज्वाळेवाचून, जळून कार्बन डायऑक्साइड व पाणी होतो. ज्या कार्बन डायऑक्साइडाने विष बाहेर काढले, त्याच रूपात अखेर विषाची रवानगी होते.

आता ही नळी. हिच्यातील माती त्याच आवारातील आहे. त्या वेळच्या नमुन्यांपैकी एवढीच उरली आहे. नळीवर मी दोन चिठ्ठ्या डकवल्या आहेत. एकीवर ५० अंशांचा आकडा आहे, दुसरीवर २०० अंशांचा. ज्यांना त्या वाचावयाच्या असतील त्यांनी अवश्य पुढे यावे. डांबरगोळी हातात घेऊन पाहावी. नळीचे बूच मात्र कोणी काढू नये.